उजेडाची बाजू

“या बाजूनं बघा, उजेड इकडून येतोय,” मास्तर म्हणाले, आणि रक्त काढणाऱ्या बाईचा हात हवेतच थांबला. शीर सापडत नव्हती. दोनदा दंड चाचपून झाला होता, रबरी पट्टा सोडून पुन्हा बांधून झाला होता, आणि मास्तरांना काही गप्प बसवेना. अठरा वर्षं ते लोकांना बातमीचे फोटो काढायला शिकवत होते. कुणी काही निरखून बघायला लागलं, की ते कुठून बघावं हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बाईनं सुई ट्रेमध्ये ठेवली. मास्कच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि तेही मास्तरांकडे नाही, त्यांच्या दंडाकडेच लागलेले. “पुन्हा म्हणा,” ती म्हणाली. “काय?” “आत्ता म्हणालात ते.” मास्तर हसले, जरा ओशाळले, म्हणाले, “चुकलं माझं. तुमचं काम तुम्हाला कळतं.” तिनं सुई उचलली, त्यांनी दाखवलेल्या बाजूनंच दंडावर वाकली, आणि म्हणाली, “मूठ आवळा.” सुई आत गेली. नळीत रक्त चढायला लागलं. त्या नळीकडे बघत, पत्ता विचारावा इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, “भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या गल्लीत आला होता. आठ जणांना घेऊन. मी आमच्या घराच्या ढिगाऱ्यावर बसले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, बाईंच्या उजव्या बाजूनं घ्या, उजेड इकडून येतोय. घाई नको, वेळ आहे.” नळी भरली. “मूठ सोडा. त्यांच्यात एक जाडसर चष्मेवाला होता, तो सारखा व्हिडिओ घेत होता. तो व्हिडिओ आहे का तुमच्याकडे? मला त्यातला आवाज ऐकायचाय. चित्र नको, आवाज.” “बघावं लागेल,” ते कसेबसे म्हणाले. “बघा. परवा रिपोर्ट न्यायला याल ना, तेव्हा सांगा. तीननंतर गर्दी नसते. कोपर दुमडून ठेवा, पाच मिनिटं.” आणि तिनं पुढचा नंबर पुकारला.

घरी पोचले तरी मास्तरांचं कोपर दुमडलेलंच होतं. वाटेत दोन चौक, एक पूल आणि बँकेसमोरची रांग लागते, पण त्यातलं काही त्यांना दिसलं नाही. दिसत होती ती एक गल्ली, जिच्यात घरं नव्हती आणि तरी जिला गल्ली म्हणावं लागत होतं. चार वर्षं झाली होती त्याला. तेव्हा ते ज्या घाईनं तिथं गेले, ती घाई त्यांना आत्ता आठवली. पहिल्या धक्क्याची बातमी आली त्याच दुपारी त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले होते. खरं काम शिकायचं तर ते खोलीत बसून येत नाही, असं ते नेहमी म्हणत. एक दातांचा डॉक्टर होता, तोच तो चष्मेवाला, एक बँकेतली बाई, दोन इंजिनिअर, आणखी चार जण. सगळे पोटापाण्यासाठी भलतंच काहीतरी करणारे आणि रविवारी कॅमेरा घेऊन हिंडणारे. मास्तरांनी त्यांना गाडीतच नियम सांगितले होते. बूट जाड हवेत. पाणी आपलं आपण न्यायचं, तिथल्या पाण्याला हात लावायचा नाही. भिंतीला टेकायचं नाही. आणि हात कॅमेऱ्यावर, ढिगाऱ्यावर नाही. मदत करणारे वेगळे असतात आणि ते आपल्यापेक्षा चांगली करतात, आपण मध्ये लुडबुडलो की त्यांचंही बिघडतं आणि आपलंही. हे ते मनापासून सांगत. आत्ता पुलावरून चालतानाही त्यांना त्यात काही खोटं दिसेना. म्हणूनच त्यांना भीती वाटली. नियम चुकीचा असता तर माणूस निदान त्या नियमावर तरी बिल फाडून मोकळा झाला असता.

भीती कसली, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. आधी वाटलं ती चारचौघांतल्या नाचक्कीची आहे. ही बाई कुठंतरी बोलेल, लोक विचारतील. मग वाटलं, छे, बोलायचं असतं तर चार वर्षांत बोलली असती. शिवाय तिनं शिव्याशाप काही दिले नव्हते. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. आवाज ऐकायचाय, म्हणजे काय? कुणाचा आवाज? मास्तरांनी डोक्याला फार ताण दिला, पण त्या सकाळचा एकही आवाज त्यांना आठवेना. उजेड आठवत होता, अगदी लख्ख. धुळीतून गाळून आलेला, पिवळट, मऊ, असा उजेड वर्षातून एखाद्या वेळी मिळतो. ती बाई एका तिरक्या स्लॅबवर बसलेली होती, केस धुळीनं पांढरे, तोंड उघडं, एक हात वर, पंजा समोर. बँकेतल्या बाईनं तो क्षण नेमका पकडला. पुढं त्या फोटोला मोठं बक्षीस मिळालं. ‘आक्रोश’ हे नाव मास्तरांनीच सुचवलं होतं.

तो फोटो घरात शोधावा लागला नाही. दहा दिवसांवर नवी कार्यशाळा आली होती; डोंगर खचून अर्धं गाव खाली गेलं होतं तिथं अकरा जणांना न्यायचं होतं, आणि छापून आलेल्या पत्रकांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावरच होता. पत्रकावर तोच फोटो. मास्तरांनी एक पत्रक उचललं आणि खिडकीपाशी नेलं. बायको शाळेत जायच्या घाईत होती. ती पाचवीला गणित शिकवायची आणि तिची सकाळ नेहमीच दहा मिनिटं उशिरा चालायची. “उपाशी आहेस ना? काहीतरी खा आधी, मग बघत बस स्वतःचं कौतुक,” ती म्हणाली. “ही बाई काय म्हणतेय असं वाटतं तुला?” मास्तरांनी विचारलं. बायकोनं एका हातानं पर्सची चेन लावत फोटोकडे नजर टाकली. “गप्प बसा म्हणतेय.” “काय?” “अरे, गप्प बसा. शांत राहा. मी रोज दहा वेळा असा हात करते, पाचवी ब मध्ये.” आणि तिनं तसा हात करून दाखवला, पंजा समोर, बोटं किंचित पसरलेली. दारातून आत येणाऱ्या उजेडात तो हात आणि फोटोतला हात इतके एकसारखे दिसले की मास्तरांनी पत्रक तिच्या हाताशेजारी धरून पाहिलं. “मग तू मला कधी बोलली नाहीस,” ते म्हणाले. “तू कधी विचारलंस? मला वाटलं, तुम्ही सगळे तिथं होतात, तुम्हाला ठाऊक असेल.” ती चप्पल घालताना थांबली. “तुझा चेहरा का असा झालाय? चक्कर येतेय का?” “नाही. सुई जरा लागली.” “मोठा धीराचा गडी,” असं म्हणून ती गेली.

मग घर रिकामं झालं आणि मास्तर त्या घरात एकटे, हार्ड डिस्कच्या डब्यासमोर. व्हिडिओ असणार हे त्यांना माहीत होतं. दातांच्या डॉक्टरानं सगळंच्या सगळं त्यांच्याकडे दिलं होतं, आणि त्यातले तुकडे तोडून, मूळ आवाज काढून टाकून, वर संथ संगीत घालून, कार्यशाळेची जाहिरात बनवली होती. मूळ आवाज कुणी ऐकलाच नव्हता. ऐकायचं कारणच पडलं नव्हतं. तारखेवरून फाइल लगेच सापडली. तेवीस मिनिटांची. मास्तरांनी हेडफोन कानाला लावले, मग काढले, दाराला आतून कडी घातली, आपण कडी का घातली असा विचार करत परत येऊन बसले, आणि फाइल सुरू केली. पहिल्याच सेकंदाला त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. “सगळे या बाजूला. एकदम गर्दी करू नका. बाई आपल्याकडे बघत नाहीयेत हे चांगलं आहे, त्यांना तसंच राहू दे.” प्रेमळ आवाज होता. समजूतदार. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचावा असा कमावलेला, भरदार. मास्तरांना तो आवाज आवडत असे. आज तो घरात शिरलेल्या परक्या माणसासारखा वाटला. “इथं तीन गोष्टी बघा. हात, तोंड, आणि मागची ती भिंत. भिंतीशिवाय हा फोटो कुठलाही होतो.” मध्ये शटरची टकटक. कुणाच्या तरी बुटाखाली काच. पुन्हा तो आवाज. बाई हलत होती, ओठ हलत होते, पण तीन दिवस हाका मारून तिचा घसा पार बसला असावा, कारण तोंडातून नुसती हवा येत होती, आणि त्या हवेवर, वरून, अखंड, मास्तर शिकवत होते. नऊ मिनिटांनी बाईनं हात वर केला. “हां,” आवाज म्हणाला, “आता. हा हात जाऊ देऊ नका.”

तेवीस मिनिटांत एकदाच चार सेकंद शांतता होती. मास्तर पाणी प्यायले होते. घोट ऐकू येत होता. त्या चार सेकंदांत आणखी काही आहे का, हे बघायला त्यांनी आवाज पूर्ण वाढवला आणि जिवाचे कान करून ती चार सेकंदं वीस वेळा ऐकली. काही नव्हतं. मग एकदा वाटलं, आहे. दातांच्या डॉक्टरच्या बोटातली अंगठी कॅमेऱ्यावर आपटली असेल. मग पुन्हा काही नाही. एकच बटण दाबायचं होतं; फाइल गेली असती, आणि परवा ‘शोधली, नाही सापडली हो’ म्हणायला तोंडही वाकडं करावं लागलं नसतं. असं काही आपल्या मनात येईल हे मास्तरांना त्या दुपारपर्यंत कधी वाटलं नव्हतं. फोटो हा पुरावा असतो, तो कुणी नष्ट करायचा नसतो, हे तर त्यांच्या पहिल्या तासाचं पहिलं वाक्य. त्यांनी बोट बटणावर ठेवलं. तिथंच ते किती वेळ होतं कोण जाणे. दारावर थाप पडली आणि ते इतके दचकले की हेडफोन खाली पडले. बायको शाळेतून परत आली होती आणि बाहेर उभी राहून म्हणत होती, “भरदुपारी कड्या कसल्या घालतोस?” फाइल तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या अकरा जणांचा पहिला वर्ग होता. मास्तरांच्या कामाच्या खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत, दोघं खिडकीत बसले. त्यात त्यांची भाचीही होती, बहिणीची थोरली, नुकतीच नोकरी सोडून हेच करायचं म्हणून हट्टाला पेटलेली. ठरल्याप्रमाणे बूट झाले, पाणी झालं, भिंत झाली. “हात कॅमेऱ्यावर,” मास्तर म्हणाले आणि पुढचे शब्द येईनात. सगळ्यांना वाटलं ते परिणामासाठी थांबलेत. त्यांची ती लकब प्रसिद्ध होती. भाचीनं हात वर केला. “मामा, समजा तिथल्या माणसांनी नको म्हटलं, तर?” या प्रश्नाचं उत्तर मास्तरांकडे अठरा वर्षं तयार होतं, चांगलं होतं, ऐकून लोक वहीत उतरवून घेत. पण ते भाचीच्या वर धरलेल्या हाताकडे बघत राहिले. “नको म्हटलेलं आपल्याला कळेल का, हे आधी बघावं लागेल,” ते शेवटी म्हणाले. खोलीत कुणीतरी हे वहीत उतरवून घेतलं. ते बघून मास्तरांच्या अंगावर काटा आला. अंग बरं नाही असं सांगून त्यांनी वर्ग सोडला, भाची दारात रेंगाळली, म्हणाली, “मामा, काय झालंय?” ते म्हणाले, “उद्या सांगतो.” उद्या त्यांना रिपोर्ट आणायला जायचं होतं.

रक्ततपासणी केंद्राचा जिना चढताना त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की नाही सापडला म्हणून सांगायचं. लॅपटॉप मात्र त्यांनी पिशवीत घातला होता. ही दोन्ही कामं आपण एकाच वेळी कशी करतोय, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. तीन वाजून गेले होते. बाकं रिकामी होती. बाईनं त्यांना बघून पाकीट काढलं. “साखर जरा वाढलीय. डॉक्टरांना दाखवा, घाबरण्यासारखं नाही.” आणि मग ती नुसती उभी राहिली. तिनं विचारलंच नाही. विचारलं असतं तर मास्तर खोटं बोलले असते, अशी त्यांची पुढं आयुष्यभर खात्री होती. “आहे,” ते म्हणाले. “आणलाय.”

आतल्या खोलीत एक फ्रीज होता, नळ्यांची खोकी होती, दोन स्टुलं होती. लॅपटॉप टेबलावर ठेवताना मास्तरांनी पडदा तिच्यापासून वळवायचा प्रयत्न केला, पण ती म्हणाली, “असू द्या, मी डोळे मिटते.” तिनं मास्क खाली केला. फोटोतला चेहरा तो हाच, हे मास्तरांना कुणी सांगितलं नसतं तर पटलं नसतं. हा एक साधा, थकलेला, ओठांच्या कडेला तीळ असलेला चेहरा होता. हेडफोन हातात घेऊन ती म्हणाली, “माझा धाकटा भाऊ खाली होता. मला ठोकल्याचं ऐकू येत होतं. तुम्ही सगळे गेल्यावर मी धावत जाऊन सुटका करणाऱ्या तुकडीला घेऊन आले. त्यांनी सगळी गल्ली गप्प केली, यंत्र लावलं, पंधरा मिनिटं ऐकलं. काही नाही. मग ते शाळेकडे गेले, तिथं मुलं होती. बरोबरच केलं त्यांनी. दोन दिवसांनी स्लॅब उचलला. बाबा म्हणतात, तो आधीच गेला होता, तुला भास झाला. माझ्या भल्यासाठीच म्हणतात. पण तेव्हापासून मला माझ्या कानांचा भरवसा नाही. फोन वाजला तरी मी शेजारच्या बाईंना विचारते, वाजतोय ना?” तिनं हेडफोन लावले आणि डोळे मिटले.

मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. त्यांना आता काही ऐकू येत नव्हतं, फ्रीजची घरघर तेवढी. पडद्यावर ती चार सेकंदं आली तसा त्यांनी श्वास रोखला. तिचा चेहरा हलला नाही. ती सेकंदं गेली. काही नाही, म्हणजे भासच, मास्तर मनात म्हणाले, आणि त्यांना जे हायसं वाटलं त्याची त्यांना लगेच शरम वाटली. तेवढ्यात तिनं हात वर केला. पंजा समोर. मास्तर तर बोलतही नव्हते. “मागे घ्या,” ती म्हणाली. “अजून. इथं.” तिनं एक हेडफोन कानावरून सरकवून त्यांच्याकडे धरला, आणि त्या आखूड वायरीमुळं दोघांची डोकी जवळ आली. “तुम्ही बोलताय तिथं ऐका. गप्प आहात तिथं नाही.” हात, तोंड, आणि मागची ती भिंत, असं मास्तरांचा आवाज सांगत होता, आणि त्या शब्दांच्या मागे, खाली, ठक ठक. भिंतीशिवाय हा फोटो कुठलाही होतो. ठक ठक ठक. मग मास्तरांचा आवाज क्षणभर थांबला, आणि तेही थांबलं. आवाज पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं तेही. एकदा ऐकू आल्यावर ते न ऐकणं शक्यच नव्हतं. तेवीस मिनिटं भरून होतं. मास्तरांनी ते सगळं शांततेत शोधलं होतं.

“तो तुम्हाला उत्तर देत होता,” बाई म्हणाली. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते, आणि त्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा मोकळा झाला होता, वर्षानुवर्षांचं एखादं ओझं कुणी खाली उतरवून घ्यावं तसा. “माझा आवाज तर बसला होता, त्याला कुठून ऐकू जाणार? तुमचा जात होता. तुम्ही बोललात की तो ठोकायचा. आणि ती तुकडी आली तेव्हा सगळे गप्प उभे राहिले ना. तेव्हा तो कुणाला उत्तर देणार?” तिनं दिलेल्या पेन ड्राइव्हवर मास्तरांनी फाइल उतरवून दिली. “बाबांना ऐकवते,” ती म्हणाली. “त्यांना कमी ऐकू येतं, पण कुठं ऐकायचं ते मी सांगेन.” मग तिनं तोंड धुतलं, मास्क वर घेतला, आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली. बाहेरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं होतं, तिनं त्यांना आलेच म्हणून खूण केली. मास्तरांना वाटलं आता ती बोलेल, जे बोलायचं ते आता बोलेल, आणि त्यांनी मान खाली घातली. पण ती जे म्हणाली ते त्यांची समजूत काढायला म्हणाली, यात शंका नव्हती. “एका अर्थी बरं झालं, तुम्ही बोलत राहिलात. त्याला वाटलं असेल, माणसं आलीत. आता काढतीलच.”

ती आत गेली. मास्तर जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं, वर म्हाताऱ्याचा नंबर पुकारला गेला. खिशातला फोन थरथरला, भाची होती. त्यांनी तो कानाला लावला. “मामा? कसं आहे आता? मामा, ऐकू येतंय का? आम्ही सगळे इथं खोलीवर जमलोय, बूट घ्यायला निघायचंय. काहीतरी बोला ना.” त्यांना सांगायचं होतं की बूट घेऊ नका, कुणीच कुठं जायचं नाहीये. त्यांनी तोंड उघडलं, पण पहिल्या शब्दाआधी त्यांना अशी भीती वाटली जशी आयुष्यात कधी वाटली नव्हती, की आपण बोलू आणि खालून कुठूनतरी उत्तर येईल.